दर एकत्र ठरवा, माल शाळेच्या दारात मोजा

शिक्षण संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयात खरेदीचं टेबल नव्याने हाती आलेल्यांसाठी

खरेदीचं टेबल माझ्याकडे आलं तेव्हा पहिल्या आठवड्यात मी एकच काम केलं. आमच्या सगळ्या शाळांची मागच्या वर्षीची कागदाची बिलं काढून टेबलावर शेजारीशेजारी मांडली. अमळनेर, चोपडा आणि शहादा, तिन्ही ठिकाणच्या शाळांनी एकाच कंपनीचा, एकाच जाडीचा ए-फोर कागद घेतला होता आणि तिन्ही ठिकाणी रिमचा भाव वेगळा पडला होता. कुणी लबाडी केली होती असं नव्हे. अमळनेरच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे तिथल्या लिपिकांनी, वर्षाचा कागद एकदम उचलला होता, तर शहाद्याला दर आठवड्याला दोन-दोन रिम जवळच्या दुकानातून उधारीवर येत होत्या. उधारीचं व्याज दुकानदार भावातच लावतो, ते बिलावर कुठे दिसत नाही.

खानदेशात आपल्या बहुतेक संस्था अशाच वाढल्या. तालुक्याच्या गावी एक हायस्कूल, मग आजूबाजूच्या मोठ्या खेड्यांत शाखा, एखादी इंग्रजी माध्यमाची शाळा, सातपुड्याच्या बाजूला आश्रमशाळा. शाळा वाढल्या, पण खरेदीची पद्धत पहिल्या शाळेचीच राहिली. ती बदलायला निघालेला माणूस दोनपैकी एक चूक हमखास करतो. एक तर सगळं तसंच चालू देतो, नाहीतर सगळी खरेदी जळगावच्या किंवा धुळ्याच्या कार्यालयात ओढून घेतो आणि शाळांचे हात बांधतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: दर, वर्णन आणि करार एका ठिकाणी ठरवा, पण माल मोजून घेण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार शाळेकडेच ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

पहिली पायरी: बिलं एका जागी आणा

नव्या माणसाला वाटतं, आधी खरेदीचं धोरण लिहावं. धोरण लागेलच, पण महिनाभर थांबा. प्रत्येक शाळेच्या एप्रिल ते मार्च या वर्षाच्या व्हाउचर फायली मागवा आणि एक्सेलमध्ये सहा रकाने भरा: शाळा, वस्तू किंवा सेवा, नग, गाडीभाडं आणि हमाली धरून एकूण रक्कम, पुरवठादार, महिना. महिन्याचा रकाना लोक सोडून देतात, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो. शाळा उघडायच्या तोंडावर जूनमध्ये घाईत किती घेतलं, आणि मार्चअखेर निधी परत जाईल या भीतीने किती घेतलं, हे त्यातूनच कळतं.

हे करताना पैशांचे कप्पे मिसळू देऊ नका. अनुदानित शाळेचं वेतनेतर अनुदान, विनाअनुदानित तुकड्यांची फी, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे पैसे, आश्रमशाळेचं परिपोषण अनुदान, संस्थेचा स्वतःचा निधी, यातल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा आणि तपासणारा माणूसही वेगळा. दर एकत्र ठरला म्हणून बिल एकत्र करायचं नसतं. माल ज्या शाळेने घेतला, बिल तिच्या नावाने, पैसे तिच्या खात्यातून, नोंद तिच्या साठा नोंदवहीत. सरकारी योजनेच्या पैशातली खरेदी त्या योजनेच्या सूचनांप्रमाणेच करा. जिथे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो तिथे तो घ्या आणि ती खरेदी तुमच्या एकत्रित यादीबाहेर ठेवा.

दुसरी पायरी: एकत्र काय घ्यायचं, शाळेवर काय सोडायचं

कागद, उत्तरपत्रिकांची छपाई, हजेरीपटापासून जनरल रजिस्टरपर्यंतच्या नोंदवह्या, खडू, बेंच, फळे, प्रयोगशाळेचं साहित्य, संगणक, टोनर, अग्निशामक सिलिंडर भरून घेणं, या सगळ्याचे दर एकत्र ठरवा. नळ, पत्रे, वायरिंग, मोटर, कुलपं हे शाळेवर सोडा. एप्रिलमध्ये भुसावळला पारा ४५ च्या घरात असताना पाण्याची मोटर जळाली, तर मुख्याध्यापकांना कार्यालयाच्या मंजुरीची वाट पाहत बसायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे. त्यांच्या हातात ठरावीक रक्कम असावी, त्यांनी त्याच दिवशी रिवाइंडिंगवाल्याला बोलवावं आणि बिल नंतर पाठवावं.

एकत्र खरेदी म्हणजे बचतच, असं समजू नका. शासनाने २०२४-२५ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ या नावाने कापडाची खरेदी एका ठिकाणाहून केली आणि शिलाई महिला बचत गटांकडे दिली. गणवेश उशिरा पोहोचले, मापं जुळली नाहीत, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ती जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. कापडाचा भाव वरून ठरवता येतो, पण चौथीतल्या मुलीच्या फ्रॉकचं माप घ्यायला गावातलाच माणूस लागतो. आपल्या संस्थेत गणवेश असेल तर कापडाचं वर्णन आणि दर ठरवून द्या, शिलाई त्या-त्या गावात होऊ द्या. आणि गणवेश असो वा वह्या, पालकांनी अमुकच दुकानातून घ्यावं अशी सक्ती शाळेला करता येत नाही, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवून ठेवा.

जवळपास काय बनतं तेही पाहून घ्या. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया बनतात. पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी त्या थेट कारखान्यातून घेता येतात, मध्ये तीन हात लागत नाहीत. लोखंडी कपाटं, बेंच, रॅक बनवणारे फॅब्रिकेशनवाले जळगाव-धुळ्यात आहेत. त्यांच्या वर्कशॉपवर जाऊन अर्धवट झालेलं काम एकदा बघून या.

तिसरी पायरी: सही कुणाची, कितीपर्यंत

इथे लांबण लावू नका, एका पानाचा ठराव पुरतो. ठरावीक रकमेपर्यंत मुख्याध्यापक, त्यापुढे खरेदी समिती, त्याहून मोठ्या रकमेला कार्यकारी मंडळ. समितीत दोन मुख्याध्यापक, एक लिपिक, एक संचालक आणि त्या विषयातलं कळणारा एक शिक्षक हवा. संगणक घ्यायचे तर संगणकाचे सर, रसायनं घ्यायची तर विज्ञानाच्या मॅडम.

मुख्याध्यापकांची मर्यादा आम्ही ५,००० रुपये ठेवली, त्याला कारण आहे. आपल्या संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्याखालच्या १९५१ च्या नियमांतल्या नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावं लागतं की, ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या का. आज एका वर्गाला रंग मारायचा म्हटलं तरी हा आकडा ओलांडतो. म्हणून मोठ्या दुरुस्तीचे कागद पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. ऑगस्टमध्ये सीए विचारतात तेव्हा शोधाशोध करून निविदा तयार होत नाहीत.

त्याच अहवालात आणखी एक प्रश्न असतो: कुणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का. तालुक्याच्या गावात नाती जवळची. स्टेशनरीवाला कुणाचा तरी साडू, फर्निचरवाला कुणाचा तरी पुतण्या. संचालकाच्या स्वतःच्या दुकानाचं बिल मार्चअखेर थकलं, की तो संस्थेचा धनको झाला आणि ते अहवालात आलं. नात्यातल्या माणसाकडून जास्त दराने माल घेतला तर आयकराच्या सवलतीवरही गदा येऊ शकते. नातेवाइकाने दर भरूच नये असं मी म्हणत नाही. ज्यांचं नातं आहे त्यांनी ते इतिवृत्तात लिहून द्यावं आणि त्या विषयापुरतं बैठकीतून उठावं. आमच्या एका ज्येष्ठ संचालकांनी पहिल्यांदा हे स्वतःहून केलं, त्यानंतर कुणाला सांगायची वेळ आली नाही.

रोखीचंही सांगून ठेवतो. एका दिवसात एकाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरला जात नाही. वाळू-विटांच्या ट्रॅक्टरवाल्यालाही बँकेतूनच द्या.

चौथी पायरी: काय हवं ते मोजता येईल असं लिहा

पैसे सगळ्यात जास्त इथे वाचतात, आणि बुडतातही इथेच.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेसाठी बेंच मागवले. आदेशात लिहिलं होतं: ‘लोखंडी बेंच, दोन विद्यार्थ्यांसाठी, चांगल्या प्रतीचे.’ टेम्पो आला, बेंच उतरू लागले. तिथले शिपाई, त्यांना आम्ही नाना म्हणतो, एका बेंचचं टोक उचलून म्हणाले, “भाऊसाहेब, हाऊ बेंच हलका शे.” जुना बेंच शेजारी आणला, रंग आणि आकार तोच. विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतून स्क्रू गेज आणलं आणि पायाच्या उघड्या टोकाशी पाइपची जाडी मोजली. जुना १.६ मिलिमीटर, नवा १.२. म्हणजे १६ गेजऐवजी १८ गेजचा पाइप आणि लोखंड जवळजवळ चौथा हिस्सा कमी. पुरवठादाराला विचारलं, तर त्यांनी आमचाच आदेश पुढे केला. त्यात गेज कुठे लिहिलं होतं? कागदावर त्यांचं बरोबर होतं. बेंच ठेवून घ्यावे लागले, आणि दुसऱ्या वर्षी जोड सुटायला लागले तेव्हा वेल्डिंगचा खर्चही आमच्याच अंगावर आला.

आता आमचं वर्णन असं असतं: पाइप २५ बाय २५ मिमी, १६ गेज; फळी १८ मिमी प्लायवुड, वर लॅमिनेट, चारही कडांना पट्टी; रंगाआधी गंजरोधक प्रायमर; पायांना रबरी बूट; पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी यांच्यासाठी उंची वेगळी; एक नमुना बेंच आधी, तो मंजूर होऊन सही-शिक्क्यानिशी शाळेत राहणार; पूर्ण माल त्या नमुन्याशी ताडून घेणार. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. नमुना शाळेतच राहिला पाहिजे. कार्यालयात ठेवला, तर माल उतरवून घेणाऱ्याला ताडायला समोर काहीच नसतं.

कागदाची जाडी डोळ्यांना कळत नाही, तराजूला कळते. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनात, सांगतात. ए-फोरच्या ५०० पानांची रिम ७० जीएसएमची असेल तर निव्वळ कागदाचं वजन सुमारे २.१८ किलो भरतं, ७५ ची असेल तर २.३४ आणि ६० ची असेल तर १.८७. वेष्टणाचे काही ग्रॅम सोडून द्या. पोषण आहाराच्या वजनकाट्यावर एक रिम ठेवली तरी ७० सांगून ६० दिला का ते लगेच समजतं. उत्तरपत्रिका छापून घेताना तर हे करायलाच हवं. पातळ कागदावर पेनाची शाई मागे फुटते आणि दहावीच्या सराव परीक्षेत मुलाचं मागचं पान वाचता येत नाही.

संगणक, प्रिंटरसारख्या वस्तूंमध्ये कंपनीचं नाव लिहावं लागलं तर पुढे ‘किंवा तत्सम’ लिहा आणि तत्सम म्हणजे काय ते खाली मोजमापात द्या. वर्णन लिहिताना स्वतःला एकच विचारा: हे सातपुड्यातल्या धडगावच्या शाळेतल्या माणसाला पट्टी, तराजू आणि डोळे एवढ्यावर तपासता येईल का? येत नसेल तर वाक्य बदला.

पाचवी पायरी: दर मागवणं आणि ताडून पाहणं

वेळापत्रक शाळा उघडण्याच्या तारखेवरून उलटं मोजा. जूनच्या मध्यावर मुलं येतात. सातपुड्यातल्या शाळांना माल मे संपायच्या आत पोहोचला पाहिजे, कारण एकदा पाऊस लागला की अक्कलकुवा-धडगावच्या घाटात भरलेली आयशर चढवायला कुणी तयार होत नाही. बेंच बनायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून वर्णन जानेवारीत, दर फेब्रुवारीत, ठराव मार्चमध्ये आणि आदेश एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

तीन दरपत्रकं जोडली म्हणजे स्पर्धा झाली असं होत नाही. एकाच दुकानातून तीन लेटरहेडवर आलेली दरपत्रकं तुम्हाला नक्की दिसतील. तिन्हींत तीच शुद्धलेखनाची चूक, वस्तूंचा तोच क्रम आणि प्रत्येक वस्तूला दोन-दोन रुपयांचाच फरक. एका पुरवठादाराकरवी दुसऱ्यांची दरपत्रकं मागवू नका. पत्र तुम्ही स्वतः पाठवा, तेही जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून नाव-पत्ता बघा, दोन मिनिटांचं काम आहे. लिफाफे समितीसमोर उघडा आणि प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या घ्या.

तुलनात्मक तक्त्यात पोहोच दर धरा, म्हणजे शाळेच्या दारात, कर आणि हमालीसकट. शाळेला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, त्यामुळे आपल्यासाठी कर हा खर्चच आहे. करासंबंधी दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली, २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर, नकाशे यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. जुना कर मनात धरून कुणी दर दिला असेल तर विचारा. दुसरी गोष्ट पैशांच्या दृष्टीने मोठी आहे. बारावीपर्यंतच्या शाळेला तिच्या आवारात दिलेली सुरक्षा आणि स्वच्छतेची सेवा, विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांची वाहतूक, आणि मध्यान्ह भोजन यांना जीएसटी माफ आहे. आमच्याकडे एका एजन्सीची पहारेकऱ्यांची बिलं १८ टक्के कर लावून येत होती आणि आम्ही ती निमूट भरत होतो. एका तरुण सीएने बिल पाहून विचारलं, “हा कर कशाचा?” तेव्हा आमच्या लक्षात आलं. संस्थेचं पदवी महाविद्यालय असेल तर तिथल्या पहाऱ्याला ही माफी नाही, म्हणून शाळेचं आणि कॉलेजचं बिल वेगवेगळं मागा.

सगळ्यात कमी दर घ्यायचाच असं नाही, पण तो सोडायचा तर कारण इतिवृत्तात हवं: नमुना वर्णनात बसला नाही, मागच्या वर्षी माल उशिरा दिला, दुरुस्तीला माणूस जिल्ह्यात नाही. ‘समाधानकारक वाटला नाही’ हे कारण चालत नाही.

दर ठरल्यावर वर्षभराचा दरकरार करा. एकूण अंदाजे नग लिहा, पण तेवढे घेऊच असं बांधून घेऊ नका. शाळांनी त्या दराने लागेल तसा माल मागवावा.

सहावी पायरी: माल शाळेच्या दारात

माझ्या अनुभवात दर पाच टक्के कमी करून आणण्यापेक्षा माल नीट मोजून घेण्यात संस्थेचे पैसे जास्त वाचतात. तरीही या कामाला कुणी वेळ देत नाही. टेम्पो मधल्या सुट्टीत येतो, ड्रायव्हर घाई करतो, शिपाई चलनावर सही करून मोकळा होतो.

प्रत्येक शाळेत दोन नावं ठरवून द्या, एक लिपिक आणि एक शिक्षक. आदेशाची प्रत वर्णनासकट शाळेला माल येण्याआधी मिळाली पाहिजे. नाहीतर ते कशाशी ताडणार? चलनावर ‘नग मोजले, तपासणी बाकी’ असं लिहूनच सही करायची, त्यासाठी रबरी शिक्का करून द्या. तपासणीला तीन दिवस ठेवा आणि तसं आदेशातच लिहा. बेंच असतील तर दहातला एक स्क्रू गेजने, कागद असेल तर कुठलीही एक रिम तराजूवर, पुस्तकं असतील तर मधलं पान उघडून. कमी-जास्त काही निघालं तर त्याच दिवशी फोटो काढून कार्यालयाला. टिकाऊ वस्तू डेड स्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढली, तिच्यावर शाळेचं नाव आणि क्रमांक रंगाने पडला, मगच बिल पास.

आणि शाळेने माल नाकारला तर कार्यालयाने पाठीशी उभं राहायचं. “घेऊन टाका ना सर, शेठ आपलेच आहेत,” असा एक फोन कार्यालयातून गेला, तर त्या शाळेतला माणूस पुन्हा कधी स्क्रू गेज हातात घेणार नाही.

नानांना आम्ही आता नवीन शाळांत फर्निचर उतरताना मुद्दाम नेतो. ते एक टोक उचलतात, खाली ठेवतात आणि मान डोलावतात किंवा डोलावत नाहीत. गेज आम्ही त्यानंतर लावतो.

माल बरोबर असेल तर पैसे अडवू नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आपले बेंचवाले, छपाईवाले यात येतात. अनुदान आलं नाही ही त्यांची अडचण नव्हे. पैसे कधी मिळतील याची खात्री नसलेला माणूस पुढच्या वर्षी दर वाढवूनच देतो.

सातवी पायरी: करार

वस्तू एकदा येते, सेवा वर्षभर चालते. म्हणून स्कूल बस, पहारा, सफाई, झेरॉक्स मशीन, संगणक आणि वॉटर प्युरिफायरची एएमसी (वार्षिक देखभाल करार), सॉफ्टवेअर यांचे करार लेखीच हवेत. साध्या कराराला पूर्वी १०० रुपयांचा स्टॅम्प चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० लागतो. बांधकामाच्या मोठ्या कंत्राटाचं मुद्रांक शुल्क रकमेप्रमाणे वाढतं, ते वकिलांना विचारून घ्या.

करार वाचताना मी पैशाच्या कलमाआधी संपण्याचं कलम वाचतो. मुदत कधी संपते, आधी किती दिवसांची नोटीस, आणि नोटीस नाही दिली तर काय? आमच्या एका शाळेच्या झेरॉक्स मशीनच्या करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं की साठ दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार त्याच अटींवर पुढे चालू. आम्ही मुदत संपायला पंचेचाळीस दिवस उरले असताना कळवलं. मशीन जुनं, दर जुना, आणि आम्ही आणखी बांधले गेलो. तेव्हापासून ‘आपोआप पुढे चालू’ असलेलं कलम आम्ही खोडूनच सही करतो.

एएमसीमध्ये सुटे भाग धरले आहेत की फक्त मजुरी, तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, आणि त्याच्या येण्याचं भाडं वेगळं की आतच, हे तिन्ही लिहून घ्या. नवापूरच्या शाळेसाठी नाशिकहून इंजिनीअर येणार असेल तर ‘२४ तासांत’ या शब्दाचा उपयोग शून्य.

उशिराचा दंड लिहा, पण वाजवी. आम्ही दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के असं लिहितो. १८७२ च्या कराराच्या कायद्यातल्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी तेवढीच मिळते, करारातला आकडा ही फक्त वरची मर्यादा. पन्नास टक्के दंड लिहून धाक दाखवता येतो, वसूल होत नाही.

मुलांच्या जवळ येणारा प्रत्येक करार वेगळ्या काळजीने करा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शासनाने शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबाबत कडक आदेश काढले. ते आले नसते तरी हे आपलं कामच होतं. एजन्सी पाठवेल त्या प्रत्येक माणसाची चारित्र्य पडताळणी आधी, बदली माणूस आला तरी आधी, आणि शाळेला नको असलेला माणूस त्याच दिवशी हटवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना, ही तिन्ही कलमं वाटाघाटीत सोडायची नाहीत. स्कूल बससाठी राज्याचे २०११ चे नियम आहेत. शाळेत परिवहन समिती लागते आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात. फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना यांच्या संपण्याच्या तारखा गाडी क्रमांकाप्रमाणे लिहून ठेवा, मुली असलेल्या गाडीत महिला मदतनीस आहे का ते बघा.

पहारा आणि सफाईच्या बिलासोबत दर महिन्याला पीएफ आणि ईएसआयचं चलन, आणि त्यात आपल्याकडे काम करणाऱ्यांची नावं आहेत अशी यादी मागा. एजन्सीने भरलं नाही तर ती जबाबदारी मूळ मालक म्हणून संस्थेवर येते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रोज सकाळी आपल्या शाळेचे वर्ग झाडणाऱ्या बाईंचे हक्काचे पैसे बुडतात. कंत्राटदाराचं एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली तर टीडीएस कापा: व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २.

आठवी पायरी: एक नोंदवही, भिंतीवर

सगळ्या शाळांचे सगळे करार एका नोंदवहीत: अनुक्रमांक, शाळा, कुणाशी, कशाचा, सुरुवात, शेवट, नोटीस द्यायची शेवटची तारीख, अनामत किती आणि कुठल्या पावतीने, विमा असेल तर त्याची मुदत, शाळेत जबाबदार कोण. मूळ कागद कपाटात, स्कॅन संगणकावर. नोटीसच्या तारखा मात्र मी मोठ्या अक्षरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहितो, कारण संगणकातली आठवण ज्याच्या मोबाइलवर वाजते तो त्या दिवशी रजेवर असतो. मुदत संपायच्या नव्वद दिवस आधी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा आणि विचारा: माणूस वेळेवर येतो का, मुलं-शिक्षक समाधानी आहेत का, पुन्हा याच्याशीच करायचा का? उत्तर तारखेसह त्याच वहीत लिहा. पुढच्या निविदेत दर सोडायचं कारण लिहायला तीच नोंद कामी येते. करार संपला की अनामत परत करायची की कापायची तेही तिथेच.

पहिल्या वर्षी किती करायचं

सगळं एकदम नको. पहिल्या वर्षी फक्त कागद, छपाई आणि नोंदवह्या एकत्र घ्या, आणि चालू असलेले सगळे करार नोंदवहीत चढवा. बेंच दुसऱ्या वर्षी. सुरुवात कागदापासून करण्याचं कारण असं की त्यात चूक झाली तरी शाळा बंद पडत नाही, आणि बचत सहा महिन्यांत बिलावर दाखवता येते. मुख्याध्यापकांचा विश्वास त्यानंतरच बसतो. वर्षातून एकदा, परीक्षा आटोपल्यावर एप्रिलच्या शेवटी, सगळ्यात लांबच्या शाळेत स्वतः जा. आमच्यासाठी ती सातपुड्यातली शाळा आहे. तिथे साठा नोंदवही उघडून शिपायांबरोबर खोली-खोलीतून फिरा, बेंचचे जोड हलवून पाहा, कागदाच्या किती रिम उरल्यात ते मोजा, आणि पुढच्या वर्षीची मागणी तिथेच बसून, त्यांच्याकडूनच लिहून घ्या.